एका वावेला बारा

समज, तू एका लांबलचक रस्त्याच्या टोकाला बसला आहेस. समोर लाकडी चाक आहे, चाकाला तीन लोखंडी आकडे आहेत. प्रत्येक आकड्यात वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, एकेक पेड अडकवला आहे. तू चाक फिरवायचंस, आणि तुझी आई तुझ्याकडे तोंड करून मागे मागे चालत जाणार. तू भरभर फिरवलंस तर पेड तुटेल, रेंगाळलास तर दोर ढिला वळला जाईल. आई लांब जाता जाता अंगठ्याएवढी दिसू लागते, पण तिच्या हातातली ओढ तुला चाकाच्या मुठीत कळत राहते. आलं डोळ्यांसमोर? मग आता तुझ्या जागी एक मुलगी बसव. वय अकरा, गुडघ्यावर खरचटलेलं, वेणी एका बाजूला सुटलेली. लहानपणी तिने एकदा आख्ख्या आठवड्याच्या दोराचा गुंता करून ठेवला होता, तेव्हापासून सगळे तिला गुंती म्हणत.

गुंतीचं घर दोर वळणाऱ्यांचं. घायपाताची पानं कापून आणायची, भारे बांधून तळ्यात बुडवायचे, वर दगड ठेवायचा. पंधरा दिवसांनी भारा काढला की पानाचा गर सुटलेला असतो. मग मोगरीने झोडपायचं, धुवायचं, वाळवायचं. तेव्हा कुठे पांढराशुभ्र वाख हाती येतो. तळं नाही तर वाख नाही, वाख नाही तर दोर नाही.

आणि तळ्याला त्या उन्हाळ्यात तारेचं कुंपण पडलं होतं.

कुंपण घातलं खाणमालकाने. सगळा गाव त्याला दादा म्हणायचा. त्याला खडी धुवायला पाणी हवं होतं. तळं गावाचं होतं, पण गावाच्या समितीत दादाच बसत असल्यामुळे कागदावर काय लिहायचं ते तोच ठरवी. गुंतीचे वडील आणि आई मग भारे डोक्यावर घेऊन लांबच्या ओढ्यावर जाऊ लागले. ओढ्यात पाणी घोट्याएवढं. पानं धड भिजत नसत. अर्धवट भिजलेलं पान झोडपलं की त्याचा रस अंगावर उडतो आणि अंगाची आग होते. गुंतीच्या वडिलांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ते जेवायला बसले की घास घेण्याआधी हात खाजवत, आणि आई तिकडे न बघता वाढत असे.

एके दिवशी आईने वाढता वाढताच सांगितलं, "मी उभी राहणार आहे."

"कुठे?" वडील म्हणाले.

"समितीच्या निवडणुकीला. दादांच्या समोर."

वडिलांचा घास हातातच राहिला. "डोकं फिरलंय का तुझं? त्यांच्याकडे ट्रक आहेत, माणसं आहेत. आपल्याकडे काय आहे?"

"दोर आहे," आई म्हणाली. "आणि वही लिहायला ही आहे." तिने गुंतीकडे हनुवटीने खूण केली.

वही म्हणजे खर्चाची वही. उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कचेरीतून एक मिळे. प्रचाराला काय खर्च केलं, कुणी काय दिलं, सगळं त्यात लिहायचं. देणगी देणाऱ्याचं नाव लिहायचं, त्याला पावती द्यायची. कुणी पैशांऐवजी वस्तू दिली तर तिची बाजारातली किंमत लिहायची. आईला सही येत होती, पण वही भरायचं काम सहावीतल्या गुंतीचं. ती ओठ दाताखाली धरून लिहायची. कोपऱ्यावरच्या शिंप्याने जुन्या चादरींचे झेंडे शिवून दिले तेव्हा तिने त्याला विचारलं, "काका, याची किंमत किती लिहू?"

"अगं, फाटक्या चादरी त्या. शून्य लिही."

"शून्य चालत नाही. बाजारात विकल्या असत्या तर किती आले असते?"

शिंपी हसला. "कार्टे! आईपेक्षा तूच उभी राहा. लिही दीडशे."

तिने दीडशे लिहिले, पावती फाडली, आणि त्याने ती चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी खाणीचा मुकादम आला. पांढरे कपडे, पायात करकरणारे बूट. आई दोर वळत मागे मागे चालत होती आणि गुंती चाकावर होती, म्हणून दोघींपैकी कुणालाच थांबता येत नव्हतं. मुकादमाला आईच्या बाजूने चालत बोलावं लागलं. ती मागे चाले, तो पुढे चाले. गुंतीला हसू आलं.

"दादांना कौतुक वाटलं," मुकादम म्हणाला. "बाईमाणूस उभं राहतंय. म्हणून ही छोटीशी मदत." त्याने जाडसर पाकीट काढलं. "पाच हजार आहेत. तू उभी राहा, बिनधास्त भाषणं कर. फक्त तळ्याचं तेवढं काढू नकोस."

आईच्या हातातला दोर क्षणभरही ढिला झाला नाही. "गुंते," तिने लांबून हाक दिली, "वही काढून ठेव. दादांच्या नावाने पाच हजारांची पावती लिहायची आहे."

"नाव कशाला?" मुकादम घाईघाईने म्हणाला. "नाव लिहू नकोस. समज, रस्त्यात सापडले."

"रस्त्यात सापडले तर चौकीत देईन. मला दिले तर नाव लिहीन. तिसरी वाट वहीत नाही, मुकादम."

पाकीट परत खिशात गेलं. जाताना तो मोठ्याने म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा!"

"पीळ गेला तर दोर कसला?" आई म्हणाली, आणि एक पाऊल मागे गेली.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "पाच हजार होते ना?" आई हो म्हणाली. त्यांनी हातांना तेल लावलं. दुसऱ्या दिवशी झेंडे लावायला शिडी घेऊन तेच पुढे झाले.

झेंडे लावायला दोर लागतो. आईने घरातली एक बारीक दोरी काढून दिली आणि शिंप्याचे झेंडे तिला बांधून आपल्या गल्लीत या खांबावरून त्या खांबावर ओवले. गुंती वही घेऊन उभीच होती.

"आई, दोरी किती रुपयांची लिहू?"

आई शिडी धरून उभी होती. "दोरी? ती घरची आहे. मी घरात वाढते त्या जेवणाची किंमत लिहितेस का तू?"

गुंतीला ते पटलं. दोर वळणाऱ्यांच्या घरात दोराला कोण किंमत लावतं? दोरी म्हणजे वाऱ्यासारखी, उशाशी पडलेली, पायात येणारी. तिने वही मिटली. चूक झाली ती तिथे. शिंप्याच्या फाटक्या चादरीला किंमत लावणाऱ्या पोरीने आईच्या हाताला लावली नाही.

पाचव्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. कचेरी म्हणजे शाळेचा व्हरांडा. तिथे टेबल टाकून तपासनीस बाई बसायच्या. उन्हाने त्यांचे पाय सुजले होते, म्हणून चपला काढून त्यांनी पाय थंड फरशीवर ठेवले होते. समोर मुकादम होता, हातात तक्रारीचा कागद. उघड्यावरचा कारभार, त्यामुळे बघ्यांचीही कमी नव्हती.

"तुमच्या झेंड्यांना दोर लागला आहे," बाई म्हणाल्या. "वहीत दिसत नाही."

"घरचा आहे, बाई," आई म्हणाली.

"घरचा असला तरी लिहायचा. तुमची मेहनत आहे त्यात, तिलाही बाजारात किंमत आहे." बाई रागावून बोलत नव्हत्या, शाळेत नियम सांगतात तसं सांगत होत्या. "हजार रुपयांच्या आत राहून गेलं असेल तर दुरुस्त करून देता येतं. हजाराच्या वर लपवलं असेल तर उमेदवाराचं नाव यादीतून कमी होतं. नियम सगळ्यांना एकच आहे."

 वही गुंतीनेच लिहिली होती. तिच्यामुळे आईचं नाव जाणार, तळं जाणार, वडिलांचे हात तसेच राहणार. तिने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे पाहत नव्हती, मुकादमाकडे पाहत होती.

"किती वाव आहे दोर?" बाईंनी विचारलं. तुला वाव माहीत नसेल. दोन्ही हात पक्ष्यासारखे ताणून धर. या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जेवढं अंतर, ती एक वाव. दोरवाले सगळा दोर वावेने विकतात.

"दीडशे तरी सहज आहे," मुकादम म्हणाला. "अख्खी गल्ली भरली आहे."

"आणि भाव काय आहे वावेचा?"

आई म्हणाली, "या दोरीला पाच रुपये."

"पाच?" मुकादम उसळला. "काय बोलतेस! तीन पेडी, हाताने वळलेला, घायपाताचा अस्सल दोर! बाई, या दोराला ट्रक लटकेल. बाजारात बारा रुपयांना एक वाव मिळाली तर नशीब समजायचं. बारा लिहा."

बघ्यांमधून शिंपी म्हणाला, "मुकादम, हिवाळ्यात तुम्हीच हिच्या दारात दोन तास बसला होतात ना? साडेचारला द्या, साडेचारला द्या म्हणत? त्या दिवशी हा दोर नुसता कचरा होता, हाताला टोचत होता."

लोक हसले. मुकादमाच्या मानेवर घाम आला. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आता मागे कसं येणार? "तो वेगळा माल होता," तो म्हणाला. "बारा. मी लिहून द्यायला तयार आहे."

दीडशे वाव, बाराचा भाव. अठराशे होतात. मुकादमाने हिशेब आधीच केला होता.

आता आईने गुंतीकडे पाहिलं. रागाने नाही. चाकावर बसवून लांब गेल्यावर ती पाहत असे तसं: अजून किती उरलं, विचारल्यासारखं.

चाक गुंतीनेच फिरवलं होतं. ती दोरी वळली त्या दिवशी आई रस्त्याच्या टोकाच्या दगडापर्यंत गेली होती, आणि दगड पुढे सरकवावा लागला होता. दगडापर्यंत ऐंशी, पुढे दोन, आणि वर हातभर. गुंतीने मनात गुणाकार केला. एकदा केला, विश्वास बसेना म्हणून परत केला. मग तिने आईकडे बघून अगदी हळूच मान हलवली.

"लिहा, बाई," आई म्हणाली. "बारा. मुकादमांच्या तोंडचा भाव आहे, मला मान्य आहे. त्यांची सही घ्या त्याखाली."

वडील मागून कुजबुजले, "अगं!" पण बाईंनी लिहिलं होतं, आणि मुकादमाने ऐटीत, खाली रेघ ओढून, सही केली होती.

"आता मोजा," आई म्हणाली.

वडिलांनी गल्लीतली दोरी सोडवून आणली. झेंडे काढताना आईची मान खाली गेली नाही, पण शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या आणि कुणीतरी म्हणालं, "उतरवले बाई हिचे झेंडे." ते गुंतीला सुईसारखं टोचलं. शाळेसमोरच्या उन्हात दोरी पसरली. बाईंच्या शिपायाकडे एक फूटपट्टी होती. ती पाहून सगळे पुन्हा हसले. तेव्हा गुंतीने घरून मापाची दोरी आणली. दहा वाव लांब, प्रत्येक वावेला गाठ.

"ही हिच्या आईच्या हातांची वाव आहे," मुकादम म्हणाला. "आखूड हातांची!"

"याच मापाने हजार वाव घेतलात तुम्ही हिवाळ्यात," आई म्हणाली. "तेव्हा हात लांब होते का माझे?"

वडिलांनी एक टोक धरलं. गुंती दुसरं टोक घेऊन मागे मागे चालू लागली. दहा. वीस. तापलेल्या मातीने तळवे भाजत होते. मुकादम वाकून दोर ताणून धरत होता, बोटभर जास्त भरावा म्हणून, आणि वाखाची कुसळं त्याच्या पांढऱ्या बाहीला चिकटत होती. सत्तर. ऐंशी. मग दोन गाठी. मग कोपरापासून बोटापर्यंत एक हात, म्हणजे पाव वाव. दोर संपला.

"एवढाच?" मुकादम म्हणाला. त्याने दोराचं टोक उचलून पाहिलं, जणू पुढचा दोर कुणी कापून नेला होता. खडीवाला तो. त्याला ढिगाचा अंदाज असे, दोराचा नव्हता.

"सव्वाब्याऐंशी," गुंती म्हणाली. तिने गुणाकार मोठ्याने सांगितला. "बारानं गुणलं की नऊशे सत्त्याऐंशी."

बाईंनी कागदावर पुन्हा करून पाहिलं. "नऊशे सत्त्याऐंशी. हजाराच्या आत. दुरुस्ती लिहा, सही करा. नाव यादीत राहील."

लोकांनी एकच गलका केला. वडील मटकन पायरीवर बसले. आईने सही केली, अगदी सावकाश, एकेक अक्षर गोल काढत. मग ती उठली नाही. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, कुणाचीही वही कुणालाही बघता येते ना?"

"येते."

"दादांची दाखवा. झेंडे, दोर."

बाईंनी दुसरी वही काढली, पानं उलटली. गुंती टाचा उंचावून बघत होती. बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. "झेंड्यांसाठी दोर," त्यांनी वाचलं. "घरचा. किंमत शून्य."



"घरचा असला तरी लिहायचा असतो," आई म्हणाली. "मेहनत असते त्यात. आत्ताच शिकले मी. माझी तक्रार लिहून घ्या. भाव तुमच्याकडे आहेच, सही केलेला."

मुकादमाचा चेहरा बघण्यासारखा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "बाई, हे काय चाललंय?" तो म्हणाला. "दादांचे झेंडे खाणीच्या फाटकापासून थेट तळ्यापर्यंत आहेत. एवढ्या उन्हात कोण मोजणार? तुमच्याकडे माणूस एक, तोही चहाला गेलाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि बाई, दादांना काय वाटेल याचा विचार करा."

 तपासनीस बाईंनी टेबलाखाली पायाने चपला चाचपल्या. एक सापडली, दुसरी सापडेना. त्या घाबरल्या होत्या की चप्पल शोधत होत्या, ते गुंतीला कळेना. सगळे मोठे लोक एकमेकांकडे बघत उभे होते, आणि कुणीच हलत नव्हतं.

आता तूच सांग, तू काय केलं असतंस?

गुंतीने मापाची दोरी खांद्यावर टाकली आणि ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. कुणाला विचारलं नाही. खाणीच्या फाटकापाशी जाऊन, दादांच्या पहिल्या झेंड्याखाली, तिने दोरीचं टोक जमिनीवर ठेवलं आणि त्यावर पाय दिला. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा वडील धापा टाकत येत होते. त्यांनी आपल्या लाल झालेल्या हातात ते टोक घेतलं. त्यांच्या मागे आई, शिंपी, शेजारणी, आणि सगळ्यांच्या मागे तपासनीस बाई, दोन्ही चपला घातलेल्या, हातात वही.

"वरच्या दोराला झोळ आहे," शिंपी म्हणाला. "खालून मोजलं तर कमी भरेल."

"भरू दे कमी," आई म्हणाली. "झोळाची सूट दादांना."

गुंती मागे मागे चालत होती आणि मोजत होती. पहिल्यांदा एकटी, मग तिच्याबरोबर पोरं मोजू लागली, मग बाया. ऐंशी झाले ते पिठाच्या गिरणीपाशी. चौऱ्याऐंशीला तिने मोठ्याने सांगितलं, "एक हजार आठ!" गिरणीवाल्याने पट्टा थांबवून बाहेर डोकावून पाहिलं. दादांचा दोर तर पुढे झाडांवरून, छपरांवरून जातच होता. बाईंनी आकडा लिहिला. तिथे थांबता आलं असतं. गुंती थांबली नाही.

दोनशे. चारशे. तिच्या टाचा सोलवटल्या. सातशे. शेवटी समोर तारेचं कुंपण आलं. दादांच्या झेंड्यांचा शेवटचा खांब कुंपणाच्या आत, तळ्याच्या काठावर होता. फाटकाला कुलूप होतं, आणि राखणदार काठी आडवी धरून उभा होता.

"आत जायचं नाही," तो म्हणाला.

"मोजणी पुरी व्हायची आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. त्या घामाने निथळत होत्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "फाटक उघडा. नाहीतर तुमचंही नाव लिहिते."

कुलूप उघडलं. गुंती आत गेली. शेवटच्या खांबापाशी तिने शेवटची गाठ धरली आणि आकडा सांगितला: नऊशे अकरा. बाई खांबाला टेकून लिहीत होत्या. लोक आपापसात बोलत होते, कुणी हसत होतं, कुणी दादांना निरोप द्यायला पळत होतं. दादांचं नाव जाईल का, निवडणुकीत काय होईल, तळ्याचा कागद कोण बदलेल, सगळे त्यावरच बोलत होते.

गुंतीने पाणी पाहिलं. तळं काठोकाठ होतं. मोजणी संपली होती, आणि फाटक अजून उघडं होतं.

ती घराकडे पळाली. दारात ओढ्यावर न्यायचा घायपाताचा भारा बांधून पडला होता. तिच्यापेक्षा तो रुंद होता. तिने चुंबळ करून तो डोक्यावर चढवला, मान ताठ केली आणि राखणदाराच्या समोरून, बाईंच्या समोरून, फाटकातून आत गेली. भारा पाण्यात ढकलला. मग खाणीच्या ढिगातला एक चांगला जड दगड निवडून आणला, आणि भारा तरंगू नये म्हणून त्याच्यावर ठेवला.